इंदूरच्या कॉलेजातला फॅशन क्लब: सहली कुठे न्यायच्या आणि रॅम्प कसा उभा करायचा?

रामबागची

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजात यंदा फॅशन क्लब सुरू झालाय. ३५ जण आहोत, सगळे बी.कॉम., बीबीए नाहीतर बी.ए.चे. डिझाइन शिकणारं कुणीच नाही, पण निम्म्याजणांना पुढे याच धंद्यात शिरायचंय: कुणाला मर्चंडायझिंग, कुणाला स्टायलिंग, कुणाला स्वतःचं ऑनलाइन दुकान.

नोव्हेंबर ते जानेवारीत दोन-तीन सहली आणि फेब्रुवारीत कॅम्पसवर एक फॅशन शो, असं डोक्यात आहे. शोसाठी कॉलेज ६०,००० रुपये देणार आहे, बसचा खर्च आम्ही वर्गणीतून करू. प्राचार्यांची अट अशी की सहलीतून काय शिकलो ते कागदावर दिसलं पाहिजे.

विचारायचंय ते हे. महेश्वरला जावं हे सगळेच सांगतात, पण तिथे जाऊन साड्या बघण्यापलीकडे नेमकं काय करायचं? इंदुरातच बघण्यासारखं काय आहे? आणि शोसाठी कपडे दुकानांकडून किंवा विणकरांकडून उसने मिळतात का, मिळाले तर काय काळजी घ्यायची? प्रत्यक्ष या कामातल्या लोकांनी सांगितलं तर फार उपयोग होईल.

काठपदर

सहली वेगळ्या आणि शो वेगळा असं करू नका. एकच कापड निवडा आणि सुतापासून किमतीच्या चिठ्ठीपर्यंत त्याच्या मागे जा. इंदूरकरांना महेश्वरी साडी हाताशी आहे, तेव्हा तीच घ्या. कॉमर्सच्या मुलांना डिझाइनपेक्षा हा प्रवास जास्त उपयोगी पडेल, कारण मर्चंडायझरचं कामच ते आहे: हे कापड किती दिवसांत, किती नग, कोणत्या रंगात आणि किती पैशांत मिळेल हे सांगता येणं.

महेश्वर इंदूरपासून साधारण ९० किलोमीटर. महू, मानपूर, धामणोद असा रस्ता, बसला अडीच तास धरा. वाटेतला घाट आणि त्यातले ट्रक हिशोबात घेऊन सकाळी साडेसहाला निघा, म्हणजे साडेनऊपर्यंत मागावर पोहोचाल. दुपारी जेवणाच्या सुमाराला माग थांबतात, उशिरा गेलात तर रिकामे माग बघून परत याल. दिवस कामाचा निवडा आणि आठवडाभर आधी फोन करा.

किल्ल्यातली रेहवा सोसायटी ही विणकरांसाठीची संस्था १९७९ साली रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी सुरू केली, तिथे विणकाम बघायला मिळतं. गावात घरोघरीही माग आहेत. पण ३५ जण एकदम कुठेच मावत नाहीत. मागाजवळ दहा-बारा माणसं झाली की मागच्याला काही दिसत नाही आणि विणकराचा हात थांबतो. म्हणून तीन गट करा: एक ताणा, म्हणजे उभे धागे, तयार होतो तिथे, एक मागावर, एक विक्रीच्या दालनात. पाऊण तासाने अदलाबदल.

आता बघायचं काय. बहुतेक महेश्वरीत ताणा रेशमाचा आणि बाणा, म्हणजे आडवे धागे, सुताचा. रेशीम २०-२२ डेनियरचं (डेनियर हे धाग्याच्या जाडीचं माप), केसासारखं बारीक. म्हणूनच साडी हलकी राहते. सूत आणि रेशीम विणायच्या आधीच रंगवलेलं असतं आणि दोघांचे रंग वेगवेगळ्या जातीचे. म्हणून एकच हिरवा सांगितला तरी रेशमावर तो उजळ दिसतो आणि सुतावर मंद. दोन्ही लडी शेजारी ठेवून बघायला मागा.

धंद्याच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट ताण्यात आहे. ताणा एका साडीचा नसतो, लागोपाठ आठ-दहा किंवा त्याहून जास्त साड्यांचा एकदम चढतो. चढवताना जुन्या ताण्याचं एकेक टोक नव्या धाग्याला हाताने पीळ देऊन जोडतात. हजारो टोकं, तासन्‌तास बसून. त्यामुळे उभा रंग मध्येच बदलता येत नाही. बदलता येतो तो बाणा. लाल ताण्यावर निळा बाणा टाकला की धूपछाव, म्हणजे हलवली की छटा बदलणारी, जांभळी, पिवळा टाकला की केशरी. गिऱ्हाईक ‘हीच साडी मला एकच, पण राखाडीत हवी’ म्हणतं तेव्हा विणकर नाही का म्हणतो, ते इथे कळतं. उद्या ऑनलाइन दुकान काढणाऱ्याने ऑर्डर देताना ताण्याचा रंग एक आणि बाण्याचे तीन असा विचार करायचा असतो.

मागावरच्या गटाला एक हिशोब द्या. सोबत कापडाचे धागे मोजायचं एक इंची भिंग ठेवा, स्वस्तात मिळतं. इंचात आडवे धागे किती ते मोजा. समजा ६० आले. साडी साडेपाच मीटर, म्हणजे सुमारे २१६ इंच. बाण्याचा धागा नेणारा धोटा जवळजवळ १३,००० वेळा इकडून तिकडे गेला. मग घड्याळ लावून मिनिटाला किती फेरे पडतात ते मोजा आणि साडीला किती तास लागायला हवेत ते काढा. उत्तर येईल एका दिवसाच्या आतलं. प्रत्यक्षात साधी साडीही दोन-तीन दिवस घेते, बुट्ट्यांची किंवा भरल्या पदराची आठवडाभर. हा फरक कुठून आला तेच विणकराला विचारा. तुटलेला धागा जोडणं, धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरणं, काठाची नक्षी बदलताना थांबणं, पदराच्या पट्ट्यांना रंग बदलणं. महेश्वरीच्या पारंपरिक पदरात पाच पट्टे असतात, तीन रंगीत आणि मध्ये दोन पांढरे, तिथे वेग पडतो. हा एक हिशोब नीट मांडला तर प्राचार्यांना द्यायचा कागद तयार झाला.

दालनातल्या गटाने काठ बघावा. बुगडीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, साडी उलटसुलट नेसता येते. चटई, ईंट, हिरा, लहर ही काठातल्या नक्ष्यांची नावं विचारून लिहून घ्या आणि दुपारी किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडी कोरीवकामात त्या आकारांशी जुळणारं काय सापडतं ते कागदावर उतरवा. शोची पार्श्वभूमी, निमंत्रणपत्रिका, सगळं त्यातून निघेल. अहिल्याबाईंच्या कारकिर्दीपासून, म्हणजे १७६७ पासून, महेश्वर होळकरांची राजधानी होतं आणि १८१८ मध्ये ती इंदूरला आली, हे कॉलेजला द्यायच्या अर्जात घातलंत की सहल इतिहासालाही जोडली जाते.

हातमागाची खरी महेश्वरी ओळखायला काठाजवळची बारीक भोकं पुरेशी नाहीत. कापड ताणून धरायची सोय पॉवरलूमलाही असते, तिच्याही खुणा उठतात. हातमागाची चिठ्ठी बघा, उलटी बाजू बघा, आणि सुटलेला धागा मिळाला तर जाळून बघा. रेशीम केस जळाल्यासारखा वास देतं आणि राख चुरगळते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. हे बाहेर मोकळ्या जागेत करा, दुकानात नको.

हिरडा_फिटकरी

काठपदर यांनी विणलेल्या कापडाचं छान सांगितलं. छापलेलं कापडही बघा, धार जिल्ह्यातलं बाग. इंदूरपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास, एका बाजूला चार तास लागतात. महेश्वर आणि बाग एकाच दिवशी करायच्या फंदात पडू नका, दोन्हीकडे फक्त पाटी बघून याल. जमलं तर मुक्काम करा, नाही तर पहाटे पाचला निघा.

बागची छपाई टप्प्याटप्प्याने बघितली नाही तर काही कळत नाही, कारण छापताना दिसतो तो अंतिम रंग नसतोच. कोरं कापड आधी धुऊन त्यातली खळ काढतात. मग शेळीच्या लेंड्या, संचोरा (कच्चं मीठ) आणि एरंडेल यांच्या मिश्रणात तुडवून भिजवतात, वाळवतात, पुन्हा भिजवतात. याला खारा करणं म्हणतात. यानंतर कापड पाणी आणि रंग सारखा शोषतं. पुढे हिरड्याच्या पाण्यातून काढलं की ते पिवळसर होतं. मग छपाई: काळ्यासाठी लोखंडाच्या गंजाचं किंवा हिराकसाचं मिश्रण, लालसाठी फिटकरी, दोन्हीला चिंचोक्याची खळ. फिटकरीला स्वतःचा लाल रंग नाही. ती नुसती जागा धरून ठेवते, आणि नंतर भट्टीत अलिझरिन (लाल रंगद्रव्य) आणि धावड्याच्या फुलांबरोबर कापड उकळलं की त्याच जागेवर लाल चढतो.

छापलेलं कापड आठवडाभर, कधी जास्त, तसंच ठेवतात. मुरायला वेळ दिला नाही तर रंग फिका येतो. नंतर वाहत्या पाण्यात धुतात. वाहतंच का? न मुरलेली फिटकरी आणि लोह साचलेल्या पाण्यात सुटलं तर कापडाच्या मोकळ्या भागावर जाऊन बसतं आणि भट्टीत तिथेही डाग उमटतो. पांढरी जमीन मळकट दिसली तर चूक बहुतेक वेळा इथली असते. पावसाळ्यात नदी गढूळ आणि ऊन नाही, म्हणून काम मंदावतं. दिवाळीसाठी लागणारा माल जूनच्या आत छापून घ्यावा लागतो तो याचमुळे. हे तुमच्या मर्चंडायझिंगवाल्यांनी वहीत लिहून ठेवावं.

तुम्ही एक करा. कारखान्यात आधी सांगून प्रत्येक टप्प्याचा अर्धा-अर्धा मीटर तुकडा विकत घ्या: कोरा, खारा केलेला, हिरड्याचा, छापलेला, धुतलेला, भट्टीतून काढलेला. सहा तुकडे, एकच ठसा. कॅम्पसवर फळीवर ओळीने लावले की शंभर जणांना समजावून सांगता येतं. मधल्या टप्प्यांचे तुकडे ओले होऊ देऊ नका, एकमेकांवर घडी करून ठेवू नका, मध्ये कोरा कागद घाला. ठशांमध्ये रेख, दत्ता, गद असे प्रकार असतात: बाहेरची रेषा, आतला भराव आणि जमीन. एका नक्षीला किती ठसे लागले ते मोजा, मजुरी त्यावर ठरते.

बाग प्रिंटला २००८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळे ‘बाग’ हे नाव कुठल्याही स्क्रीन छपाईला लावता येत नाही. बाजारात मात्र लावलं जातं. दुकानात दिसलं तर ठसा जिथे जुळतो ती रेघ शोधा. हाताच्या छपाईत कुठे तरी एखाद-दोन धाग्यांचा फरक सापडतोच.

टेप_कात्री

दोघांनी सांगितले ते उत्तम आहे, पण या धंद्यातल्या बहुतेक नोकऱ्या हातमागावर नाहीत, तयार कपड्यांत आहेत. इंदूर तयार कपड्यांचे मोठे केंद्र आहे. परदेशीपुऱ्यात आणि आसपास शिलाईचे कारखाने आहेत, पीथमपूरकडे मोठे निर्यातदार आहेत. एक सहल तिथे हवीच.

परवानगीचे पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर, सगळ्यांची नावे लिहून, पंधरा दिवस आधी द्या. एका वेळी १५ ते २० जणच न्या. बंद बूट, बांधलेले केस, ओढणी नको. फोन बाहेर ठेवावे लागतील, कारण मशीनवर ज्या ब्रँडचा माल असतो त्याचे डिझाइन बाजारात आलेले नसते. महिनाअखेरीला जाऊ नका, त्या आठवड्यात माल रवाना करायची घाई असते आणि कोणी बोलायला मोकळे नसते.

आत गेल्यावर मशीनच्या रांगेकडे धावू नका. कापड तपासणी आणि कटिंग टेबलावर जास्त वेळ द्या. नफा-तोटा तिथे ठरतो, शिलाईत नाही. तपासणीची चार गुणांची पद्धत समजून घ्या: ३ इंचांपर्यंतच्या दोषाला १ गुण, ९ इंचांपेक्षा मोठ्याला ४, आणि १०० चौरस वारांत साधारण ४० पेक्षा जास्त गुण झाले की ठाण परत. कटिंग टेबलावर मार्कर बघा, म्हणजे सगळ्या मापांचे तुकडे कापडावर कसे बसवले आहेत ते. चौकड्याचे कापड, एकाच दिशेची फुले किंवा मखमल असेल तर तुकडे उलटे फिरवता येत नाहीत आणि कापड जास्त लागते. होजिअरीचे कापड गुंडाळीतून काढून साधारण दिवसभर सैल सोडावे लागते. ताणलेलेच कापले तर शिवल्यावर टी-शर्ट आखडतो आणि ‘एल’ माप ‘एम’ होते. कापलेल्या गठ्ठ्यांना नंबरच्या चिठ्ठ्या लावतात, कारण दोन ठाणांचे रंग उन्नीस-बीस असतात. चिठ्ठी चुकली की एकाच कुर्त्याची बाही आणि पाठ वेगळ्या छटेची निघते.

शहरातली सहल म्हणजे महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट आणि तिथून शीतलामाता बाजार. पहिला घाऊक, दुसरा किरकोळ. पाच-पाचच्या गटांनी जा, मोठा घोळका दुकानदाराला नकोसा होतो. घाऊक बाजारात दुकानदाराला आधीच सांगा की विद्यार्थी आहोत, खरेदी नाही, दहा मिनिटे द्या. पन्हा (कापडाची रुंदी) किती, ठाण किती मीटरचे, कमीत कमी किती घ्यावे लागेल, उधारी किती दिवसांची, हे चार प्रश्न पुरेत. ४४ इंच पन्ह्यात पूर्ण बाहीच्या शर्टाला सव्वादोन मीटर लागते, ५८ इंचात सुमारे १.६ मीटर. म्हणून मीटरचा भाव एकटा बघून स्वस्त-महाग ठरवायचे नाही.

घरी येऊन प्रत्येक गटाने एका कुर्तीचा भाव काढावा. समजण्यापुरते आकडे घेतो: कापड २.५ मीटर, ११० रुपयांप्रमाणे २७५. बटण, दोरा, लेबल २०. कटिंग-शिलाई ९०. इस्त्री, तपासणी, पॅकिंग २०. बिघडलेले नग आणि नासाडी १५. झाले ४२०. कारखानदाराचा खर्च-नफा २० टक्के धरला की ५०४. दुकानदार भाडे, पगार, न खपलेला माल हे सगळे धरून जवळजवळ दुप्पट लावतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर जीएसटी ५ टक्के आहे, त्याहून महाग कपड्यावर १८ टक्के.  ऑनलाइन विकणाऱ्यांनी यात परत आलेल्या मालाचा खर्च वेगळा लिहावा. तो विसरला जातो आणि पहिल्या हंगामात पैसे तिथेच जातात.

रामबागची

काठपदर, हिरडा_फिटकरी, टेप_कात्री, मनापासून आभार. महेश्वर नोव्हेंबरात आणि कारखाना-बाजार डिसेंबरात असं ठरवतोय. बाग जानेवारीत, मुक्कामाची परवानगी मिळाली तर.

आता शोबद्दल कुणी सांगेल का? २४ पेहराव आणि १२ मुलं-मुली चालणार असा विचार आहे. महेश्वरीचा एक भाग आणि त्यात दोन-तीन नऊवारीही हव्या आहेत. कार्यक्रम पाऊण तासाचा करायचाय.

विंगेतून

पाऊण तास विसरा. आकडे मांडून बघा. कॉलेजसाठी रॅम्प ४० फूट लांब, ८ फूट रुंद आणि दोन-अडीच फूट उंच पुरतो. जायला १२ सेकंद, टोकाला ४ सेकंद थांबणं, यायला १२. म्हणजे एक फेरी २८-३० सेकंदांची. पहिली टोकाला पोहोचली की दुसरी निघते, साधारण दर १३ सेकंदांनी एक. २४ पेहराव सुमारे साडेपाच मिनिटांत संपतात. शेवटची एकत्र फेरी आणि सुरुवात धरून आठ मिनिटं. ताणून पाऊण तास केलात तर लोक मोबाइल काढतात. त्यापेक्षा वीस मिनिटं आधी सहलींचं प्रदर्शन ठेवा, त्या सहा तुकड्यांच्या फळीसकट, आणि मग आठ-दहा मिनिटांचा घट्ट शो.

१२ जणांत २४ पेहराव म्हणजे प्रत्येकाच्या दोन फेऱ्या. १२ गुणिले १३, म्हणजे १५६ सेकंदांनी त्याच माणसाची पाळी परत येते. त्यातले ३० रॅम्पवर गेले. कपडे बदलायला उरली दोन मिनिटं. कुर्ता-पायजमा होईल. साडी होणार नाही, नऊवारी तर नाहीच. म्हणून नऊवारीवाल्यांना एकच फेरी द्या किंवा साड्यांचा भाग आधी ठेवून नंतर शिवलेले कपडे घ्या. काढायला वेळ कमी लागतो, नेसायला जास्त. दोन भागांच्या मध्ये दोन-तीन मिनिटं महेश्वरच्या मागाचा आवाज आणि तिथे काढलेली चित्रं पडद्यावर चालवा, विंगेत श्वास घ्यायला वेळ मिळतो.

नऊवारीला साडेपाच मीटरची साडी पुरत नाही, सव्वाआठ मीटर लागते. महेश्वरला नऊवारी लुगडी पूर्वीपासून विणली जातात. दालनात आधी विचारून ठेवा, आयत्या वेळी मिळणार नाहीत. नेसवणाऱ्या दोन जाणत्या बायका घरातून बोलवा, इंदुरात त्याची वाण नाही. यूट्यूब बघून शिकलेली मैत्रीण दबावाखाली काष्टा नीट खोचत नाही आणि तो रॅम्पच्या मध्यावर सुटतो.

फिटिंग आठवडाभर आधी, आणि ज्या चपला शोला घालायच्या त्याच घालून. निऱ्यांचं टोक जमिनीपासून अर्धा इंच वर. फिटिंगला प्रत्येक पेहरावाचा समोरून एक फोटो काढा, त्याखाली क्रमांक, नाव, दागिने, चपला लिहा आणि सगळे फोटो क्रमाने एका मोठ्या फळीवर विंगेत लावा. ही फळी सगळ्यात महत्त्वाची, ती नसेल तर सातवी आधी आणि पाचवी नंतर जाते. कपडे स्टँडवर माणसाप्रमाणे लावा, क्रमाप्रमाणे नको, आणि प्रत्येकाचे दागिने झिपच्या पिशवीत घालून त्याच हँगरला बांधा.

माणसं अशी लागतील: दोन चालणाऱ्यांमागे कपडे चढवणारा एक, म्हणजे सहा. रॅम्पच्या तोंडाशी सोडणारा एकच, त्याचा शब्द अखेरचा. संगीतावर एक, दिव्यांवर एक, दारावर दोघं. क्लबच्या ३५ पैकी २३ जण चालणार नाहीत, त्यांना ही कामं द्या. नोकरीच्या मुलाखतीत सांगण्यासारखं काम हे आहे.

दिवे पांढरे ठेवा. रंगीत दिव्यात धूपछाव साडीची छटा मरते आणि विणकराचं सगळं काम वाया जातं. समोरून दोन्ही बाजूंनी, थोड्या उंचीवरून, आणि जरीसाठी बाजूने एक. स्वस्त एलईडी मोबाइलच्या कॅमेऱ्यात पट्टे मारतात, रंगीत तालमीच्या वेळीच फोनने चित्रण करून बघा. रॅम्पवर गालिचा टाकलात तर चारही बाजूंनी चिकटपट्टी, नवीन चपलांच्या तळव्यांना कागदी टेप. संगीत दोन पेनड्राइव्हवर, फोनवरून वाजवू नका, मध्येच फोन येतो. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर चालत नाही, म्हणून सातला सुरू करा. रेकॉर्ड केलेली गाणी जाहीर कार्यक्रमात वाजवायला परवाना लागतो, तो कॉलेजच्या कार्यालयातून वेळेत मागा.

तालीम दोनदा: एक नुसती चालण्याची आणि दिव्यांची, एक पूर्ण कपड्यांत. पूर्ण कपड्यांतली त्याच दिवशी दुपारी ठेवू नका, घाम आणि मेकअप लागतो. आदल्या दिवशी करा.

आणखी एक. अशा कार्यक्रमांच्या मागे मॉडेलिंगच्या पोर्टफोलिओसाठी आगाऊ पैसे मागणारे लोक येतात. प्रायोजक म्हणून आले तरी विद्यार्थ्यांचे फोन नंबर त्यांना देऊ नका. काम देणारी एजन्सी आपलं कमिशन कामाच्या मानधनातून घेते, आधी नाही.

काठपदर

उसन्या कपड्यांचं राहिलंच. मिळतात, पण तोंडी नको. दोन प्रतींत चलन करा: प्रत्येक नगाचा वर्णनासह क्रमांक, किंमत, आधीचा दोष असल्यास तो, नेल्याची आणि परत देण्याची तारीख, कॉलेजचा शिक्का, एका शिक्षकाची सही. नेताना प्रत्येक साडी दोघांसमोर पूर्ण उघडून फोटो काढा. परत देण्याचा अवधी शोनंतर दोन दिवसांचा. खराब झाली तर किंमत कोण देणार ते आधीच लिहा. ६०,००० पैकी ८-१० हजार यासाठी बाजूला ठेवा.

महेश्वरीला सेफ्टी पिन थेट टोचू नका. रेशमाचा उभा धागा ओढला की वर-खाली रेघ उमटते आणि ती जात नाही. खांद्यावर पिन लावायचीच तर पदराच्या चार-पाच घड्या एकत्र धरून, ब्लाउजच्या आतून, मध्ये कापडाचा छोटा तुकडा ठेवून. अत्तर, डिओ साडी नेसायच्या आधी, नंतर नाही, जरी काळी पडते. डोक्यातून घालायच्या कपड्याला तोंडावर पातळ ओढणी टाकून घाला, म्हणजे लिपस्टिक लागत नाही. इस्त्रीऐवजी वाफेचा स्टीमर, तोही पाणी टपकत नाही ना ते बघून. परत देताना आधीच्या घडीवरच घडी घाला, हातमागाची चिठ्ठी काढू नका. धुऊन तर अजिबात देऊ नका, प्रेमाने धुतलेली साडी परत विकली जात नाही.

विणकराकडून घेतलेल्या साडीखाली शोच्या पत्रिकेत विणकराचं नाव छापा, त्यांची परवानगी घेऊन. निवेदकाच्या कागदावरही.

रामबागची

नऊवारीच्या चौकशीसाठी महेश्वरला उद्याच फोन करते. एक शंका: ताणा आठ-दहा साड्यांचा असतो, तर आम्ही क्लबसाठी एकाच ताण्यावर तीन वेगळ्या बाण्यांच्या तीन साड्या विणून मागू शकतो का? शोनंतर विकायच्या आहेत.

काठपदर

तीन मागितल्यात तर तुमच्यासाठी नवा ताणा चढणार नाही. पण एखाद्या मागावर आधीच चढलेल्या ताण्यावर शेवटच्या तीन साड्या तुमच्या बाण्याच्या विणून मिळू शकतात. मग उभा रंग आणि काठ त्यांचा, बाणा तुमचा. नोव्हेंबरच्या भेटीतच कोणते ताणे चालू आहेत ते बघा, बाण्याच्या सुताच्या लडी ताण्यावर आडव्या धरून रंग ठरवा, निम्मे पैसे आगाऊ द्या आणि जानेवारीच्या मध्यापर्यंतची तारीख घ्या. फेब्रुवारीची घेऊ नका, लग्नसराईत तुमच्या तीन साड्या मागे पडतील.